धागे कुठे बसवायचे, हे सांगणारं पान

अरे थांब, लगेच बंद करू नकोस मला. आधी ऐक तर, आमच्याकडे काल काय झालं आणि आज सकाळपासून काय चाललंय. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी एक पान बोलतोय. कागदाचं नाही हं. मला कोपरे नाहीत दुमडायला, वाळवीची भीती नाही, आणि माझ्यात बांधून कोणी शेंगदाणे खाल्लेले नाहीत. मी पडद्यावरचं पान. राहायला अलेक्झांड्रियातल्या एका संगणक केंद्रात, पण उघडतो मी कुठेही. कॉलेजात, समुद्राकाठच्या कोर्निश रस्त्यावरच्या कॅफेत, खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये कोणाच्या तरी फोनवर. एकाच वेळी दहा जणांसमोर उघडा असतो, त्यामुळे मला बातम्या फार कळतात. फक्त त्या लोकांशी बोलता येत नाही. जे लिहिलंय तेवढंच दाखवतो, आणि तेही समोरच्याने बोट हलवून खाली सरकवलं तर.

माझं नाव ‘धागे कुठे बसवायचे’. शिवणकामाचं वाटतं ना? तसं नाही. गणित फार मोठं असलं की ते एकट्याने सोडवायला जन्म जातो. म्हणून त्याचे तुकडे करून खूप जणांना वाटून देतात. हे जे खूप जण, ते धागे. आणि ज्या जागी बसून ते काम करतात, ते कोअर. मी त्यांना खुर्च्या म्हणतो, सोपं जातं. मोठ्या मशीनमध्ये अशा खुर्च्या लांबच लांब रांगेत मांडलेल्या असतात. कामाचे तुकडे करून वाटणारी जी लायब्ररी आहे, तिचं नाव शबका. शबका म्हणजे जाळं, मासे पकडायचं. समुद्राकाठच्या लोकांना दुसरं काय सुचणार?

तर धाग्यांना कुठल्या खुर्च्यांवर बसवायचं, एकमेकांना चिकटून की सुटं सुटं, आणि एकदा बसल्यावर उठायची परवानगी द्यायची की नाही, याच्या सेटिंग्ज शबकात आहेत. त्या कशा लावायच्या ते माझ्यात लिहिलंय. झालं, एवढंच माझं काम. ऐकायला किरकोळ आहे, पण चुकलं की काय होतं ते पुढे कळेलच तुला.

शबका लिहिली डॉक्टर रिफअत यांनी. केंद्राचे प्रमुख तेच. माणूस हुशार, त्यात वाद नाही, पण सगळं डोक्यात. लिहून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. कोणाला काही विचारायचं असलं तर त्यांच्या खोलीत जाऊन बसायचं, चहा येईपर्यंत त्यांच्या जर्मनीतल्या दिवसांच्या गोष्टी ऐकायच्या, आणि मग उत्तर मिळायचं, तेही अर्धं. उरलेल्या अर्ध्यासाठी उद्या परत या.

मग रदवा आली. नवी कोरी इंजिनियर, जीभ तिखट, चाल भरभर. नव्या सुनेला आल्या आल्या भांड्यांना बसवतात ना, तसं हिला लिहायला बसवलं. बाकीच्यांनी हुश्श केलं. तिने मात्र ते मनावर घेतलं. एकेक सेटिंग स्वतः लावून बघायची, धागे कुठे जाऊन बसले ते मशीनच्या चित्रात पाहायची, आणि मग माझ्यात एक वाक्य लिहायची. एकच. तिची आई फोनवर विचारायची, “अजून तेच पान चाललंय? अगं, लग्न ठरवायलासुद्धा माणसं एवढा वेळ घेत नाहीत.”

मी तयार झालो तेव्हा दिसायला बरा होतो, खोटं कशाला बोलू. आधी खुर्च्यांची गोष्ट, मग एकेक सेटिंग, मग कुठली कधी वापरू नये ते. डॉक्टरांनी मला वाचलं आणि म्हणाले, “नमनाला घडाभर तेल. लोकांना आधी उदाहरण लागतं, बाशमुहंदिसा.” इंजिनियर मुलीला आमच्याकडे अशीच हाक मारतात, रागवायचं असलं तरी. मग त्यांनी स्वतःच्या मशीनवर मोजून पाहिलेली, सेटिंग्ज लावायची एक तयार ओळ दिली. ती सगळ्यात वर बसली. ओळीच्या डोक्यावर त्यांची टीप होती, ‘रिफअतचं मशीन’. आणि ओळीचा अर्थ असा, की पहिल्या खुर्चीपासून सुरुवात करा, चिकटून बसा, आणि उठू नका.

ओळ चांगली होती, खरंच. अख्खं मशीन एकट्याचं असेल तर त्याहून वेगाने काही चालत नाही. आणि तेव्हा प्रत्येक गटाला पाळीपाळीने अख्खं मशीन मिळायचं.

पण त्या दिवसापासून माझं वाचन संपलं. लोक यायचे, ओळ उचलायचे, चालू लागायचे. देवाकडे ढुंकूनही न बघता प्रसाद घेऊन पळावं तसे. एकाने दुसऱ्याला पाठवली, दुसऱ्याने ग्रुपवर टाकली, मुलूखियाच्या भाजीची कृती फिरते तशी ती ओळ गावभर फिरली. गंमत म्हणजे टीपसुद्धा कोणी काढली नाही. ज्यांनी रिफअतना जन्मात पाहिलेलं नाही, त्यांच्याही फायलींमध्ये ‘रिफअतचं मशीन’ असं लिहिलेलं सापडतं.

उन्हाळ्यात केंद्राच्या दोन मशीनपैकी एक बंद पडलं. नवं यायला वेळ. मग एकाच मशीनवर एका वेळी दोन-दोन, तीन-तीन गटांना बसवायला लागले. रदवाच्या लगेच लक्षात आलं, की आता ती ओळ गोत्यात आणणार. तिने त्या ओळीच्याच खाली एक परिच्छेद घातला. डॉक्टरांना तो तिथे आवडला नाही. म्हणाले, पानाचा चेहरा कसा प्रसन्न हवा, दारातच ‘कुत्र्यापासून सावध’ कशाला? झालं. परिच्छेद गेला तळाशी, आभारांच्या आणि फोन नंबरांच्याही खाली. तिथे कोणीच यायचं नाही. नुसता अंधार.

आता कालची गोष्ट.

सकाळी रदवा मला उघडून बसली होती, माझ्यातला एक आकडा दुरुस्त करायला. हातात तिखट कलेजी भरलेला पाव. एवढ्यात मारियान आली. ही तिची कॉलेजपासूनची मैत्रीण, समुद्रशास्त्रात पीएचडी करते. तिचा प्रोग्राम वाऱ्याचे आकडे घेतो आणि सांगतो, किनाऱ्यावर पाणी किती चढेल आणि कधी चढेल. त्या एका प्रोग्रामवर तिने तरुणपण घासलंय म्हण ना.

रदवाने पाव पुढे केला. मारियानने मान हलवली.

“उपास आहे गं माझा, नाताळपर्यंत मांस बंद. आणि नसता तरी आज घशाखाली उतरलं नसतं.”

कारण कासिम यायच्या बेतात होता. कासिम कोणी माणूस नाही. आमच्याकडे हिवाळ्यातल्या वादळांना नावं आहेत, आणि कुठलं कधी येणार याचं कोळ्यांचं ठरलेलं पंचांग आहे. बंदराचे कप्तान शाझली त्याच पंचांगावर लहानाचे मोठे झालेले. बंदराचं तोंड, म्हणजे बोगाझ, कधी बंद करायचा आणि बोटींना कधी आत बोलवायचं, हे तेच ठरवतात, दुपारच्या नमाजानंतरच्या बैठकीत. यंदा त्यांनी मोठ्या मनाने मारियानला सांगितलं होतं, की तुझा अंदाज बैठकीच्या आधी आणून दे, मी बघेन.

हिवाळ्यातल्या पहिल्या वादळाला तिचा अंदाज बैठक उठल्यावर पोचला. दुसऱ्यालाही तेच. कप्तान हसून म्हणाले, “पोरी, समुद्र पायी चालत येऊन पोचला, तुझा अंदाज अजून ट्राममध्येच.” हसून म्हणाले खरे, पण पुढे हेही बोलले, की कासिमच्या वेळी उशीर झाला तर हा खेळ पुरे. तिच्या सरांनी त्यांचीच री ओढली. जो अंदाज कोणी वापरत नाही त्यावर प्रबंध कसला, विषय बदल.

म्हणजे तिचं सगळं त्या दुपारच्या बैठकीवर टांगलेलं.

ती सांगत होती, की मागच्या वर्षी हाच प्रोग्राम वेळेच्या कितीतरी आधी संपायचा. उन्हाळा सरला तेव्हापासून रखडतोय. तिने एकेक ओळ तपासली, जिथे कापता येईल तिथे कापलं, काही उपयोग नाही. डॉक्टर रिफअतना विचारलं तर त्यांनी मशीनचं चित्र दाखवलं. हे बघ, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या आहेत, जागेची कमी नाही, मंद आहे तो तुझा प्रोग्राम. आणि तिला ते पटलंही होतं बिचारीला. प्रमुखांनी सांगितलं म्हटल्यावर न पटून सांगणार कोणाला?

अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मित्रा, हे ऐकून माझी काय अवस्था झाली असेल? कारण मला माहीत होतं. त्याच वेळी मी वरच्या मजल्यावर वगीहच्या पडद्यावरही उघडा होतो. वगीह हवेतल्या धुळीचं गणित करतो, मारियानच्याच मशीनवर. त्यानेही सकाळी तीच ओळ उचलली होती, टिपेसकट. म्हणजे दोघांचेही धागे पहिल्या खुर्चीपासून बसलेले. एकेका खुर्चीवर दोन दोन, एकमेकांच्या मांडीवर. एक जरा काम करणार, मग दुसरा त्याला ढकलून आपलं करणार. आणि उरलेली अर्धी रांग ओसाड. काहीच सांगितलं नसतं ना, तर मशीनने स्वतःहून निम्म्यांना उठवून पलीकडे बसवलं असतं. पण ‘उठू नका’ असा हुकूम होता, मोडणार कोण?

आणि उपाय माझ्याच तळाशी लिहिलेला. कोणी मला जरा खाली सरकवलं असतं तर काम झालं असतं. पण मी हाक कशी मारू? घंटेचं बरं असतं, ती निदान वाऱ्याने तरी वाजते.

रदवा धीर देत होती. मग सहज म्हणाली, दाखव बघू, सुरू कसा करतेस तो प्रोग्राम. मारियानने फाईल उघडली. डोक्यावरच लिहिलेलं, ‘रिफअतचं मशीन’.

रदवाने पाव खाली ठेवला.

“ही ओळ कुठून घेतलीस?”

“तुझ्या पानावरून. आणखी कुठून घेणार?”

“पुढचं वाचलंस?”

“पुढे काय आहे?”

रदवा पडद्याकडे वळली. तिने मला धरलं आणि सरकवायला लागली. काय सांगू तुला. खुर्च्यांची गोष्ट गेली, सेटिंग्ज गेल्या, आभार गेले, फोन नंबर गेले, आणि शेवटी माझ्या तळाला उजेड लागला. मारियानने तो परिच्छेद ओठ हलवत वाचला. ‘मशीन वाटून घेत असाल तर वरची ओळ जशीच्या तशी घेऊ नका. दोघांनी घेतली तर दोघंही पहिल्या खुर्चीपासूनच बसतील. आधी दुसरं कोण कुठे बसलंय ते पाहा, मग तुमच्या खुर्च्यांचे नंबर स्वतः लिहा.’ मग तिने तो परत वाचला.

“हे इथे कधीपासून आहे?”

“उन्हाळ्यापासून.”

“आणि मी इतके दिवस चांगला प्रोग्राम उसवून उसवून शिवतेय.”

रागावली नाही ती. थकून बोलली, आणि ते मला जास्त लागलं.

दोघींनी मशीनचं चित्र उघडलं. अर्धी रांग लालभडक, अर्धी पांढरीफटक. मारियानचा प्रोग्राम निम्मा झाला होता. आहे तसा चालू ठेवला तर संध्याकाळ गाठणार, म्हणजे उशीर नक्कीच. थांबवून नव्याने रिकाम्या बाजूला बसवला, तर कदाचित बैठकीच्या आत संपेल. कदाचित हं. चालू असतानाच धागे उचलून पलीकडे नेता येत नाहीत का, असं विचारशील. येतात. पण त्यांचं सामान, म्हणजे गणिताचे आकडे, अलीकडेच राहतं. मीठ-मिरचीला दर वेळी दुसऱ्या बिऱ्हाडात जायचं म्हटल्यावर स्वयंपाक व्हायचा कधी?

रदवाने डॉक्टरांना फोन लावला. म्हणाली, दोन गट एकमेकांच्या मांडीवर बसलेत, वगीहला थोडा वेळ थांबायला सांगता का. डॉक्टर म्हणाले, कोणाचं काम थांबवायचं नाही. आणि त्या ओळीत काही चूक नाही, मी स्वतः मोजलीय.

“बरोबरच आहे ती, डॉक्टर. एकट्यासाठी.”

डॉक्टर म्हणाले, “बाशमुहंदिसा, आपण लिहिलेल्या पानाच्या इतकं प्रेमात पडू नये,” आणि फोन ठेवला.

मारियान पडद्याकडे बघत होती. निम्मं झालेलं काम. आत्ता थांबवलं की शून्य.

“अर्धं शिजलेलं पातेलं कोण ओतून देतं गं?”

“ज्याला कळतं की खाली जाळच नाही, तो.”

मारियानने थांबवायचा हुकूम टाइप केला. मग हात मांडीवर घेऊन बसून राहिली. रदवानेही घाई केली नाही. शेवटी तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि बटण दाबलं. सकाळपासूनचं सगळं गेलं. नव्या खुर्च्यांचे नंबर रदवाने टाइप केले.

आणि मग चित्रात ती ओसाड रांग भरायला लागली. एकेका खुर्चीवर एकेक धागा, कोणी कोणाच्या मांडीवर नाही. इकडे वगीहचे धागेही मोकळे झाले. त्याचा प्रोग्राम एकदम पळायला लागला, तर तो शेजारच्याला सांगत होता, की परवा मी जे डोकं लावलं ना, त्याचा हा परिणाम. मी ऐकलं ते. काय करणार, ऐकून घेतलं.

वाट बघणं वाईट असतं. रदवाने चहा आणला, पुदिना घालून, मारियानने तो हातात धरून गार केला. ती म्हणाली, नाही झालं तर मावशीच्या शाळेत भूगोल शिकवेन, मुलांना भरती-ओहोटी सांगेन. रदवा म्हणाली, तिथेही उशिराच पोचशील. दोघी हसल्या. थोडंच.

अजान झाली. प्रोग्राम अजून चालूच.

मारियानला कप्तानांची सवय माहीत होती. नमाज झाला की ते मशिदीच्या दारात उभे राहतात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेतात, घरच्यांची विचारपूस करतात, मग चालत कचेरीत जातात. रदवा म्हणाली, “मग आज एखादा लांबचा नातेवाईक भेटू दे त्यांना. ऑपरेशन झालेला. सगळं सविस्तर सांगणारा.”

नातेवाईक भेटला की काय कोण जाणे. पण प्रोग्राम संपला, आकडे निघाले, मारियानने ते पाठवले आणि लगोलग फोन लावला, तेव्हा कप्तान नुकतेच खुर्चीत टेकत होते. बैठक सुरू व्हायची होती. त्यांनी एकच विचारलं.

“कधी?”

“आज सूर्य बुडायच्या आत, कप्तान. पंचांगाच्या आधी येतोय.”

“कासिम घाई करत नाही, पोरी.”

“यंदा करतोय.”

ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. “ठेव,” म्हणाले. झालं. दोघी त्या फोनकडे बघत बसल्या, जणू तो आणखी काही बोलणार होता.

दुपार कलता कलता बातमी आली, बोगाझ बंद. बाहेर गेलेल्या बोटींना परत बोलावलं. आणि ऊन उतरायच्या आधी समुद्र कोर्निशवर चढला, कॅफेच्या खुर्च्या वाहून रस्त्याच्या मधे आल्या. तेव्हा बोटी आत होत्या, सगळ्या. मारियानच्या फोनवर कप्तानांचा निरोप आला. कासिम असेपर्यंत रोज पाठव. वेळेत. ती रडली की हसली ते मला नीट दिसलं नाही, तिने रदवाच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती ना? नाही संपली.

मारियान गेल्यावर रदवा माझ्यासमोर बसून राहिली. मग तिने डॉक्टरांना न विचारता एक गोष्ट केली. ती वरची ओळ आहे ना, तिच्यातले खुर्च्यांचे नंबर पुसून टाकले. तिथे मोकळी जागा ठेवली, आणि लिहिलं, ‘इथे तुमच्या खुर्च्या. कशा शोधायच्या ते खाली वाचा.’ तळाचा परिच्छेद उचलून वर आणला, अगदी ओळीखाली. ‘रिफअतचं मशीन’ ही टीपही काढली. आता जो कोणी ओळ जशीच्या तशी उचलेल, त्याचा प्रोग्राम सुरूच होणार नाही. शबका सरळ नाही म्हणेल.

मला काय वाटलं? सुरुवातीला जरा पोरकं वाटलं. गावभर फिरलेली ओळ होती ती माझी. लोक तिच्यासाठीच यायचे.

आणि आज सकाळपासून शिव्या सुरू. ग्रुपवर एकाने लिहिलं, पान मोडलंय. दुसऱ्याने लिहिलं, मोडलं नाही, रदवाने बिघडवलंय. तिसरा म्हणाला, लिहिणारे लोक असेच, स्वतःला लेखक समजायला लागतात. वगीहने विचारलं, जुनं पान कोणाकडे आहे का, आणि कोणीतरी लगेच त्याचा फोटो टाकला. डॉक्टर कैरोला गेलेत, त्यांना अजून पत्ता नाही. दुपारी परततील तेव्हा काय होईल ते होईल.

पण एक सांगू? एक मुलगी आली होती सकाळी. कोण ते माहीत नाही. ओळ उचलली, चालली नाही, वैतागली. मग परत आली आणि वाचायला लागली. खुर्च्यांची गोष्ट, सेटिंग्ज, सगळं. मधे उठून गेली, परत आली, पुन्हा वाचलं. मग स्वतःची ओळ स्वतः लिहिली आणि मला बंद केलं. एवढंच. पण कोणीतरी मला आभारांपर्यंत वाचत नेलं. रदवाने माझी ती सगळी वाक्यं लिहिली त्याचं काहीतरी सार्थक झालं असं वाटलं.

आणि आता हे आत्ताचं. रदवाचा फोन वाजला. मारियान.

कासिम अजून आहे, आजचे वाऱ्याचे आकडे आलेत, कप्तान वाट बघतायत. बोटी आत अडकून पडल्यात आणि उद्या पहाटे त्यांना सोडायचं की नाही, हे दुपारी ठरणार. मारियानने नवी फाईल केली, आणि सवयीने हात कुठे गेला असेल? माझ्याकडे. ओळ उचलली. शबका नाही म्हणाली.

“पान मोडलंयस तू,” ती फोनवर म्हणत होती. “मला उशीर होतोय. ती ओळ दे आधी.”

रदवा म्हणाली, अगं, खालीच लिहिलंय, दोन मिनिटांचं वाचन आहे. काल तूच तर वाचलंस.

“काल वाचलं ना मी? मग आज परत कशाला? आत्ता वेळ नाहीये वाचायला, रदवा. तू कालची ओळ पाठव, संपलं.”

पण कालची चालणार नाही. आज मशीनवर बसण्याची मांडणीच वेगळी आहे. पुढे वगीह, त्या जुन्या फोटोतली ओळ घेऊन बसलेला. अगदी मागे रसायनवाले. रिकाम्या खुर्च्या मधल्या. उद्या आणखी वेगळ्या असतील. रदवाने चित्र बघितलं आणि मधल्या खुर्च्यांचे नंबर टाइपही केले. तिला काय, चुटकीसरशी येतं ते. निरोप तयार आहे. बोट बटणावर आहे. दाबलेलं नाही.

पाठवला, तर मारियान आज वेळेत पोचेल. उद्या परत फोन करेल, परवा परत. आणि ज्या दिवशी रदवा फोन उचलू शकणार नाही, त्या दिवशी कोण कोणाच्या मांडीवर बसलंय ते कोण बघणार? नाही पाठवला, तर मारियान कदाचित वाचेल. किंवा रागाच्या भरात ग्रुपवरून जुनी ओळ उचलेल, जाऊन वगीहच्या मांडीवर बसेल, आणि आज दुपारी कप्तान तिच्याशिवायच ठरवतील.

मी दोघींसमोर उघडा आहे. इकडे रदवाच्या पडद्यावर, तिकडे मारियानच्या. मारियानने मला अजून सरकवलेलं नाही. पण बंदही केलेलं नाही. आणि मी इथून नुसता विनवतोय, बाई, जरा खाली ये, फार लांब नाहीये.

तू सांग, रदवाच्या जागी तू काय केलं असतंस?